नासा आणि संस्कृतच्या ‘त्या’ फॉरवर्डमागे काशीतले एक काळे आहेत, त्यांनी सोडवलेला घोळ आजही कंपायलरवाल्यांना छळतो

परळला उतरणाऱ्या माणसाला हा घोळ समजावून सांगावा लागत नाही. पुलाच्या एका अंगाला सेंट्रलचं परळ, दुसऱ्या अंगाला वेस्टर्नचं प्रभादेवी. एक नंबर प्लॅटफॉर्म दोन्हीकडे. फोनवर कुणी नुसतं एक नंबरला थांब म्हटलं, की समोरचा आधी विचारणार, सेंट्रलचा की वेस्टर्नचा?

पुढच्या दादरला तर एकाच नावाच्या स्टेशनात दोन-दोन एक नंबर होते. वर्षानुवर्षं लोकांनी चुकीच्या जिन्यावरून धावत गाड्या सोडल्या. शेवटी ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेनं नंबरच बदलले. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे ८ ते १४ झाले.

एकच नाव, दोन वस्तू. कंपायलर लिहिणाऱ्या इंजिनिअरांचीही ही रोजची डोकेदुखी. आणि साधारण तीनशे वर्षांपूर्वी काशीत बसून नेमक्या याच डोकेदुखीवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका पंडिताचं आडनाव होतं काळे.

नाव, नागेशभट्ट. काही ठिकाणी नागोजीभट्ट. संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसासमोर हे नाव घेतलं तर तो कान पकडेल. बाकीच्यांनी ते ऐकलेलं नसतं, पण त्यांच्याशी संबंध असलेलं एक फॉरवर्ड मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये येऊन गेलेलं असतं. तेच ते, कॉम्प्युटरसाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा आहे असं नासानं मान्य केलं.

फॉरवर्डमागची खरी गोष्ट

झालं असं की, १९८५ साली रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकानं एआय मॅगझिनमध्ये एक लेख लिहिला. हा माणूस नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करत होता. लेखाचा मुद्दा असा की, वाक्याचा अर्थ मशीनला कळावा म्हणून एआयवाले अर्थाची जी जाळी विणतात, तशीच मांडणी भारतातल्या वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडताना फार आधी केली होती. त्यासाठी ब्रिग्जनं काशीच्या उत्तरकालीन वैयाकरणांचा आधार घेतला आणि त्यात नागेशभट्टांची मंजूषाही होती.

बस्स, एवढंच. नासा संस्कृतमध्ये प्रोग्राम लिहिणार आहे असं त्या लेखात कुठंही नाही. पण फॉरवर्डमध्ये नासा राहिलं, संस्कृत राहिलं आणि मधले काळे गळाले. शिवाय मुद्दाही उलटा झाला. फॉरवर्ड सांगतं की संस्कृतात संदिग्धता नाही म्हणून ती भारी. नागेशभट्टांचं आयुष्य मात्र गेलं ते संदिग्धता आहे हे मान्य करून ती कशी सोडवायची हे लिहिण्यात.

काशीतले मराठी पंडित

सतराव्या शतकातली काशी म्हणजे विद्येची राजधानी, आणि तिथं मराठी पंडितांची मोठी वस्ती होती. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं.

याच शतकाच्या उत्तरार्धात नागेशभट्टांचा जन्म झाला. आपल्या ग्रंथांत ते स्वतःची ओळख थोडक्यात करून देतात. आडनाव काळे, वडील शिवभट्ट, आई सती. बाकी घरदार, बालपण याबद्दल एक अक्षर नाही.

गुरू मात्र तगडे मिळाले. व्याकरण ते हरि दीक्षितांकडे शिकले. हरि दीक्षित हे भट्टोजी दीक्षितांचे नातू, आणि भट्टोजींची सिद्धांतकौमुदी म्हणजे पाणिनीचं व्याकरण विषयवार लावून शिकवणारं पुस्तक. आजही पाठशाळेत तेच चालतं. न्यायशास्त्र, म्हणजे तर्काची शिस्त, ते रामराम नावाच्या पंडितांकडे शिकले. व्याकरण आणि तर्क हे दोन्ही एका डोक्यात उतरले, आणि पुढचं सगळं काम या जोडीतून झालं.

पोटापाण्याची सोय लावली ती शृंगवेरपूरच्या राम नावाच्या राजानं. शृंगवेरपूर म्हणजे प्रयागजवळचं गंगाकाठचं गाव, जिथं रामाला गुह भेटला असं मानतात. नागेशभट्टांनी या राजाचा उल्लेख ग्रंथांत कृतज्ञतेनं केलाय.

परंपरेत एक गोष्ट सांगतात. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहानं अश्वमेध करायचं ठरवलं आणि नागेशभट्टांना बोलावणं धाडलं. एवढ्या मोठ्या राजाचं निमंत्रण, मान आणि दक्षिणा दोन्ही पक्की. पण नागेशभट्टांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे काशी सोडायची नाही असं व्रत. ते गेले नाहीत.

मूलबाळ नव्हतं. शब्देंदुशेखर हा आपला मुलगा आणि मंजूषा ही मुलगी, असं मानून त्यांनी हे ग्रंथ शिवाच्या चरणी ठेवले, असं सांगितलं जातं.

आता या माणसानं नेमकं काय सोडवलं ते बघू. त्यासाठी थोडं मागं, पाणिनीपर्यंत जावं लागेल.

पाणिनीचा ‘ण्’ दोनदा आला

पाणिनी इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला. अष्टाध्यायीत त्यानं जवळजवळ चार हजार सूत्रांत संस्कृतचं अख्खं व्याकरण बसवलं. इतकं थोडक्यात बसवायचं तर शॉर्टकट हवेत, म्हणून त्यानं आधी सगळे वर्ण १४ छोट्या ओळींत मांडले आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक व्यंजन खूण म्हणून लावलं. ही खूण उच्चारात मोजायची नाही. ती फक्त ओळ संपल्याची निशाणी.

मग एखादा वर्ण घ्यायचा, पुढची एखादी खूण घ्यायची, दोन्ही जोडले की मधल्या सगळ्या वर्णांचं एक नाव तयार. अ पासून च् खुणेपर्यंत म्हणजे अच्, अर्थात सगळे स्वर. शाळेत अच् आणि हल् हे शब्द ऐकले असतील तर ते इथून आले.

इथवर झकास. पण पहिल्या ओळीच्या शेवटी खूण आहे ण्, आणि सहाव्या ओळीच्या शेवटीही खूण आहे ण्. मग अण् म्हणजे काय? पहिल्या ण् पर्यंत मोजलं तर अ, इ, उ असे ३ वर्ण. दुसऱ्या ण् पर्यंत मोजलं तर सगळे ९ स्वर आणि ह, य, व, र, ल असे मिळून १४ वर्ण. नाव एक, याद्या दोन. दादरचा एक नंबरच म्हणा ना.

आणि घोळ इथं थांबत नाही. अण् नावाचा एक प्रत्ययही आहे. उपगु नावाच्या माणसाचा वंशज तो औपगव, हा शब्द त्या प्रत्ययानं होतो.

यातून खरंच काही बिघडतं का? बिघडतं. गूढ, मूढ, रूढ हे शब्द मराठीतही रोजचे. गूढ हा शब्द गुह् या धातूला त जोडून होतो. ह चा ढ होतो, पुढच्या त चाही शेवटी ढ होतो, मग दोन ढ पैकी पहिला गळतो आणि त्याच्या मागचा स्वर लांब होतो. म्हणून गु चा गू. हा स्वर लांब करणारा नियम पाणिनीनं अण् वर्णांपुरता सांगितलाय. अण् म्हणजे ३ वर्ण धरले तर सगळं बरोबर येतं. १४ धरले तर तृह् धातूपासून होणाऱ्या तृढ या शब्दातला ऋ सुद्धा लांब होईल आणि जो शब्द भाषेत नाहीच तो तयार होईल. नियम बरोबर, नाव बरोबर, आणि उत्तर चूक.

मग निवाडा कसा करायचा?

हा प्रश्न इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीनं महाभाष्यात विचारला होता आणि उत्तरही दिलं होतं. पण महाभाष्य हा अफाट ग्रंथ. त्यातले निवाडे जागोजागी विखुरलेले. नागेशभट्टांनी असे निवाड्याचे नियम वेचून एका ग्रंथात आणले, त्यांची तर्कावर पारख केली, आधीच्या पंडितांनी मानलेले काही नियम निरर्थक ठरवून बाजूलाही केले. त्या ग्रंथाचं नाव परिभाषेंदुशेखर. परिभाषा म्हणजे नियम कसे वाचायचे याचा नियम. अशा शंभराहून जास्त परिभाषा त्यात आहेत.

ग्रंथ सुरू होतो तोच या दोन ण् च्या घोळापासून. नागेशभट्टांचा निवाडा सोप्या मराठीत असा. नावाबद्दल शंका आली म्हणून नियम रद्दी समजायचा नाही. जाणत्यांनी परंपरेनं जे स्पष्टीकरण दिलंय त्यावरून नेमका अर्थ ठरवायचा.

स्पष्टीकरण म्हणजे मनाला येईल ते नाही. त्यामागं कारण लागतं. वरचाच नियम बघा. लांब होणं फक्त स्वरांचं असतं हे पाणिनीनं आधीच सांगून ठेवलंय. अण् मध्ये जर सगळे स्वर येत असते तर इथं अण् म्हणायची गरजच नव्हती. पाणिनी एक अक्षर वाया घालवत नाही, त्याअर्थी इथं छोटी यादीच हवी. इण् या नावाचं उलट आहे. फक्त इ आणि उ हवे असतात तेव्हा पाणिनी ते दोन वर्ण सरळ सांगतो, म्हणून इण् म्हटलं की मोठी यादी. शेवटी हिशोब असा लागला: अण् म्हणजे नेहमी छोटी यादी, फक्त एका सूत्रात मोठी. इण् म्हणजे नेहमी मोठी.

गावचा पाटील की शेजारचे पाटील?

दुसरा घोळ याहून मजेशीर आहे. परळच्या चाळीत कुणी पाटलांना बोलवा म्हटलं तर पोरगं शेजारच्या खोलीत जातं, गावच्या पोलीस पाटलाला शोधत नाही. इथं पाटील हे ठेवलेलं नाव आहे. पण दरवाजा मोडलाय आणि सुताराला बोलवा म्हटलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे बँकेत नोकरी करणारे सुतार काही कामाचे नाहीत.

पाणिनीच्या व्याकरणात अशी ठेवलेली नावं पुष्कळ आहेत. वृद्धि म्हणजे वाढ नाही, तर आ, ऐ, औ हे तीन वर्ण. नदी हे तर ठरावीक ई-ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचं नाव, त्यात गौरी आणि वधूसुद्धा येतात. पण समासाच्या एका सूत्रात तोच नदी शब्द खऱ्या नद्यांसाठी येतो, आणि त्याच्या उदाहरणात आपली गोदावरी आहे, सप्तगोदावर.

व्यवहारात साधारण नियम असा की ठेवलेलं नाव आणि मूळ अर्थ यांची टक्कर झाली तर ठेवलेलं नाव जिंकतं. नागेशभट्टांची परिभाषा सांगते की या शास्त्रात दोन्ही अर्थ चालतात, कुठं कोणता ते त्या त्या जागी ठरवायचं. संख्या हा शब्द घ्या. पाणिनीनं बहु, गण अशा शब्दांना संख्या हे नाव दिलं, पण म्हणून एक, दोन, तीन या खऱ्या संख्या बाहेर पडत नाहीत.

आता कंपायलरकडे

माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याचं पहिलं काम म्हणजे ओळीचे तुकडे पाडणं. या तुकड्यांना टोकन म्हणतात. हे करतो तो लेक्सर. मग ते तुकडे व्याकरणात बसतात का हे बघतो तो पार्सर. हे सगळं हातानं लिहिणं जिकिरीचं, म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये दोन अवजारं तयार झाली. स्टीफन जॉन्सनचं याक, आणि माइक लेस्क व एरिक श्मिट यांचं लेक्स. हाच श्मिट पुढं गुगलचा प्रमुख झाला. नियम लिहून द्यायचे, पार्सर आणि लेक्सर ही अवजारं बनवून देतात. त्यांचे आजचे वारसदार म्हणजे बायसन आणि फ्लेक्स.

यांनाही निवाड्याचे नियम लागतात. परळी वैजनाथ वाचताना परळ एवढंच तोडून लेक्सर थांबला तर गाडी मराठवाड्याऐवजी मुंबईतच राहील. म्हणून लेक्सचा पहिला नियम, सगळ्यात लांब जुळणारा तुकडा घ्या. दोन नियम सारख्याच लांबीला जुळले तर आधी लिहिलेला जिंकतो. पाणिनीत उलट आहे. दोन नियम बरोबरीनं भिडले तर नंतरचा जिंकतो. आणि नागेशभट्टांच्या ग्रंथात याची पूर्ण उतरंड आहे. आधीच्यापेक्षा नंतरचा नियम बळकट, त्याहून जो दुसरा नियम लागो न लागो तरीही लागतोच तो, त्याहून शब्दाच्या आतल्या अंगाशी संबंधित असलेला, आणि सगळ्यात वर अपवाद.

खरी डोकेदुखी मात्र नावांची. प्रोग्रामर आपल्या टोकनांना नावं देतो, आणि बायसन ती सगळी नावं एका फाइलीत स्थिरांक म्हणून लिहून टाकतो. आता समजा पास्कलसारख्या भाषेचा कंपायलर आहे आणि टोकनाला नाव दिलं बिगिन. फ्लेक्समध्ये त्याच नावाचं स्वतःचं यंत्र आधीपासून आहे. झाली टक्कर. किंवा फाइल संपल्याच्या टोकनाला नाव दिलं ईओएफ. तेच नाव सी भाषेच्या मूळ लायब्ररीत आधीच बसलेलं असतं. मग कंपायलर भलत्याच ओळीवर भलतीच चूक दाखवतो आणि पोरगं अख्खी रात्र व्याकरणात चूक शोधत बसतं. व्याकरण बरोबर असतं, नाव दोघांचं एक असतं.

यावर उपाय तोच, जो रेल्वेनं दादरला केला. बायसनला एका ओळीत सांगता येतं की माझ्या सगळ्या टोकनांच्या पुढं टोक असं काहीतरी लाव. मग टोक-बिगिन वेगळं आणि फ्लेक्सचं बिगिन वेगळं. व्याकरण लिहिताना जुनंच छोटं नाव वापरायचं, उपसर्ग फक्त तयार होणाऱ्या फाइलीत लागतो. पाणिनीलाही हे तंत्र माहीत होतं. एकाच अ प्रत्ययाला तो कुठं अण्, कुठं अच्, कुठं घञ् म्हणतो. खूण उच्चारात गळते, पण कोणता अ ते सांगून जाते.

पण नागेशभट्टांची अडचण वेगळी होती. त्यांना नाव बदलायची सोयच नव्हती. दोन हजार वर्षं लोकांनी पाठ केलेल्या सूत्रातला ण् कोण बदलणार? सी ची लायब्ररीही कुणा एकाला बदलता येत नाही. अशा वेळी हातात उरतो तो निवाड्याचा नियम, आणि तो नियम का, याचं लिहून ठेवलेलं कारण. याकसुद्धा दोन नियम भिडले की ठरलेली एक बाजू घेतो आणि इतक्या ठिकाणी टक्कर झाली एवढा आकडा सांगून मोकळा होतो. ती बाजू बरोबर का, हे माणसालाच लिहावं लागतं. नागेशभट्टांनी ते लिहिलं.

काशीहून पुण्यात

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नागेशभट्ट लिहीत होते. व्याकरणाशिवाय अलंकारशास्त्र, धर्मशास्त्र यांवरही त्यांचे ग्रंथ आहेत. एकट्या मंजूषेच्याच त्यांनी तीन आवृत्त्या केल्या: मोठी, लहान आणि अगदी लहान. विद्यार्थ्याची कुवत बघून पुस्तक कमी-जास्त करणारा हा शिक्षक होता. वैद्यनाथ पायगुंडे हे त्यांचे शिष्य, म्हणजे गुरू-शिष्य दोघंही मराठी आडनावांचे. पायगुंड्यांनी परिभाषेंदुशेखरावर टीका लिहिली.

पुढं हा ग्रंथ पुण्यात पोहोचला. १८६६ पासून डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडितानं १८६८ साली तो मुंबईच्या सरकारी संस्कृत ग्रंथमालेत छापला आणि १८७४ पर्यंत त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं. १९६० साली ते भाषांतर पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांकडून पुन्हा संपादित करून घेतलं. काशीनाथरावांचे वडील वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी तर पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. म्हणजे दोन ण् चा तो मूळ वाद आज मराठीतही वाचता येतो.

दरम्यान १९६७ साली पीटर इंगरमन या संगणकतज्ज्ञानं एक सूचना केली होती. प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण लिहायच्या पद्धतीला बॅकस आणि नाउर यांचं नाव दिलं जातं, त्यात पाणिनीचं नाव घाला. ती सूचना काही रुळली नाही.

नागेशभट्टांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता आणि त्यांना तो सुचलाही नव्हता. त्यांना उगाच एआयचे जनक ठरवायची गरज नाही. त्यांनी केलेलं काम तसंही पुरेसं मोठं आहे. एका नावाच्या दोन वस्तू झाल्या तर नियम फेकून द्यायचा नाही, मनाला येईल तो अर्थ घ्यायचा नाही, कारण दाखवून निवाडा करायचा आणि तो पुढच्यासाठी लिहून ठेवायचा.

तेव्हा नासाचं ते फॉरवर्ड पुन्हा आलं तर पुढं ढकलताना त्यात एवढं एक आडनाव जोडून द्या, काळे.